पडत्या इमारतीची चित्रफीत

अकरावीच्या वर्गात मुक्त पतनाचा धडा चालू होता. फळ्यावर सूत्र लिहून झाले, एक-दोन उदाहरणे झाली आणि मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उभी राहिली. "सर, नोएडाच्या त्या जोड इमारती पाडल्या ना, त्याचा व्हिडिओ माझ्या भावाच्या मोबाइलमध्ये आहे. उंची शंभर मीटर आणि पडायला नऊ सेकंद लागले, असं त्यात सांगतात. तुमच्या सूत्रानं तर साडेचारच येतात. मग सूत्र चुकलं, का इमारत चुकली?"

वर्गात हशा पिकला. मलाही हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आमच्या कुंभार पिंपळगावात शंभर मीटरची इमारत पाहायची तर ती पडद्यावरच पाहावी लागते. तथापि पडद्यावरच्या इमारतीलाही न्यूटनचे नियम लागू असतातच, आणि ते मोजून पाहता येतात. ही मोजणी कशी करायची, तिच्यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे आज आपण पाहू.

प्रथम त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. नोएडातील एपेक्स (३२ मजले) आणि सियान (२९ मजले) या दोन इमारती सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता सुरुंग लावून पाडण्यात आल्या. मुंबईच्या एडिफिस या कंपनीने दक्षिण आफ्रिकेतील एका कंपनीच्या साहाय्याने हे काम केले. सुमारे ३,७०० किलो स्फोटके वापरली गेली. उंची १०० मीटर धरली, तर मुक्त पतनाला लागणारा वेळ असा निघतो :

काल² = (२ × १००) ÷ ९.८ = २०.४; म्हणून काल = ४.५ सेकंद.

मुलीचे गणित बरोबर आहे. आता ती नऊ सेकंद हा वेळ तसाच्या तसा धरून पुढे गेली असती तर? त्वरण = (२ × १००) ÷ ८१, म्हणजे सुमारे २.५ मीटर प्रति सेकंद², गुरुत्वीय त्वरणाच्या जेमतेम पाव. याचा अर्थ सुरुंगाने फोडलेल्या खांबांनी पडता पडता इमारतीचे पाऊण वजन तोलून धरले होते, असा होईल! हे कोणालाही पटणार नाही. चूक कोठे झाली? ते नऊ सेकंद दोन्ही इमारतींचे मिळून आहेत. सुरुंग एकदम उडवलेले नव्हते, ठरलेल्या क्रमाने थोड्या थोड्या अंतराने उडवले होते. आणि घड्याळ चालू झाले ते पहिल्या धमाक्याबरोबर. छत हलू लागले त्यानंतर. शिवाय छत काही पुरते शंभर मीटर खाली आले नाही, कारण खाली ढिगारा साचत होता. नऊ सेकंद हा सगळ्या सोहळ्याचा वेळ आहे, छताच्या पतनाचा नव्हे.

पिंपळगावहून निघालेली एसटी जालन्याला किती वाजता पोहोचली, एवढ्यावरून ती वाटेत कोठे थांबली आणि कोठे भरधाव धावली हे कळत नाही. एकूण अंतर आणि एकूण वेळ यांतून निघते ती सरासरी. पडत्या वस्तूवर कोणत्या क्षणी किती बल होते हे हवे असेल, तर प्रत्येक क्षणाचा हिशेब मांडला पाहिजे. चित्रफितीचे महत्त्व येथेच आहे.

चेंडू, काठी आणि मोबाइल

चित्रफीत म्हणजे झरझर दाखवलेली स्थिर चित्रे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. साधा मोबाइल एका सेकंदात बहुधा ३० चित्रे घेतो. म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांत १/३० सेकंदाचे अंतर असते. हे एक फुकट मिळालेले घड्याळच आहे. हवी असते ती फक्त मोजपट्टी.

आम्ही वर्गात पुढील प्रयोग केला. रबरी चेंडूत वाळू भरली. दोन मीटर लांबीच्या काठीवर दर १० सेंटिमीटरला काळे-पांढरे पट्टे रंगवले आणि गवंड्याकडून ओळंबा मागून आणून काठी भिंतीशी सरळ उभी केली. मोबाइल चार-पाच मीटर दूर, दोन विटांच्या बेचक्यात घट्ट बसवला. हातात धरला नाही. मग काठीलगत चेंडू सोडला. नंतर चित्रफीत एकेक चित्र करून पाहिली आणि दर तिसऱ्या चित्रात, म्हणजे दर ०.१ सेकंदाला, चेंडू किती खाली आला ते टिपले. एका गटाची नोंद अशी आली : ५, १९, ४४, ७९, १२२, १७७ सेंटिमीटर.

लागोपाठच्या आकड्यांची वजाबाकी करा. ५, १४, २५, ३५, ४३, ५५ असे आकडे मिळतील. ही प्रत्येक दशांश सेकंदात कापलेली अंतरे. म्हणून सरासरी वेग झाले ५०, १४०, २५०, ३५०, ४३० आणि ५५० सेंटिमीटर प्रति सेकंद. आडव्या अक्षावर काल आणि उभ्या अक्षावर वेग घेऊन हे सहा बिंदू मांडले, की ते जवळजवळ एका सरळ रेषेत बसतात. त्या रेषेचा चढ म्हणजेच त्वरण. पहिल्या व शेवटच्या वेगांत ५०० सेंटिमीटर प्रति सेकंदाचा फरक पडला, आणि तो ०.५ सेकंदात, तेव्हा त्वरण १०.० मीटर प्रति सेकंद². खरी किंमत ९.८. विटा आणि मोबाइल एवढ्या सामग्रीवर हे उत्तर वाईट म्हणता येणार नाही.

पण आता पुन्हा एकदा वजाबाकी करून पाहा. ९, ११, १०, ८, १२! प्रत्येक टप्प्याचे त्वरण वेगवेगळे घेतले, तर ते ८ पासून १२ पर्यंत हेलकावे खाते. चेंडूला असे हेलकावे बसले काय? मुळीच नाही. जागा वाचताना एखाद्या सेंटिमीटरची चूक होतेच, आणि दोनदा वजाबाकी केली की ती फुगते. म्हणून त्वरण दोन चित्रांवरून काढू नये. पुष्कळ बिंदू मांडून त्यांमधून जाणाऱ्या रेषेचा चढ घ्यावा. प्रयोगवहीत ही दोन्ही गणिते शेजारी शेजारी लिहून ठेवा, म्हणजे लक्षात राहील.

याच आलेखातून दुसरी एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. चेंडू नेमका कोणत्या चित्रात सुटला यावर आमच्या दोन गटांत बराच वाद झाला, कारण पहिल्या दोन-तीन चित्रांत तो जेमतेम हललेला दिसतो. एका गटाने आरंभ एक चित्र अलीकडे धरला, दुसऱ्याने पलीकडे. तरी दोघांच्या रेषा एकमेकींना समांतरच आल्या. आरंभबिंदू सरकला तर सगळी रेषा डावीकडे-उजवीकडे सरकते, तिचा चढ बदलत नाही. हे ध्यानात असू द्या. पुढे न्यूयॉर्कला ते उपयोगी पडणार आहे.

आता त्वरणावरून बलाकडे. पडणाऱ्या वस्तूवर खाली ओढणारे तिचे वजन असते आणि वर ढकलणारा, जो काही असेल तो, अटकाव. वस्तुमान गुणिले त्वरण म्हणजे या दोहोंची वजाबाकी. तेव्हा

अटकाव = वस्तुमान × (गुरुत्वीय त्वरण − मोजलेले त्वरण)

त्वरण शून्य असेल तर अटकाव पूर्ण वजनाइतका. इमारत उभी असते तेव्हा हेच असते. त्वरण ४.९ असेल तर अटकाव निम्म्या वजनाचा. आणि त्वरण ९.८ असेल तर अटकाव जवळजवळ शून्य. चेंडूच्या वाटेत वर्तमानपत्राचे कागद एकाखाली एक ताणून धरा आणि प्रयोग पुन्हा करा. चेंडू प्रत्येक कागद फाडून खाली जातो, पण प्रत्येक कागदापाशी आलेखाचा चढ मोडलेला दिसतो. कागदाने लावलेले बल तुम्ही कागदाला हातही न लावता मोजलेले असते.

न्यूयॉर्कची सातवी इमारत

न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राचे दोन जुळे मनोरे ११ सप्टेंबर २००१ रोजी विमानांच्या धडकेनंतर कोसळले, हे सर्वांना माहीत आहे. त्याच संकुलातील सात क्रमांकाची इमारतही त्याच दिवशी कोसळली, हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. तिला विमान धडकले नव्हते. ४७ मजल्यांची, सुमारे १८६ मीटर उंचीची ही पोलादी सांगाड्याची इमारत १९८७ साली पुरी झाली होती. सकाळी साडेदहाच्या सुमारास उत्तर मनोरा कोसळला तेव्हा त्याचे जळते तुकडे तिच्यावर येऊन पडले आणि निदान दहा मजल्यांवर आगी लागल्या. नळाची मुख्य वाहिनी फुटल्यामुळे खालच्या मजल्यांवरील आग विझवणाऱ्या फवाऱ्यांना पाणी मिळाले नाही. आग जवळजवळ सात तास जळत राहिली. माणसे आधीच बाहेर काढलेली होती. सायंकाळी ५ वाजून २० मिनिटांनी सगळी इमारत खाली आली.

मुख्यतः आगीमुळे एवढी उंच इमारत संपूर्ण कोसळल्याचे हे पहिलेच ज्ञात उदाहरण होते. म्हणून त्याचे कारण शोधणे जगातल्या सर्वच स्थापत्य अभियंत्यांच्या दृष्टीने निकडीचे होते. चौकशीचे काम अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेकडे, म्हणजे निस्टकडे होते. तिचे प्रमुख होते श्याम सुंदर, आयआयटी दिल्लीचे पदवीधर. अडचण अशी होती, की या इमारतीचे पोलाद ढिगाऱ्यातून उचलून नेले गेले होते आणि तपासायला फारसे उरले नव्हते. उरले होते ते नकाशे, साक्षी आणि चित्रफिती. दूरचित्रवाणीचे कॅमेरे त्या दिवशी सगळीकडे रोखलेले होतेच.

चित्रफितीत प्रथम काय दिसते? इमारत पडण्याआधी जवळजवळ सात सेकंद तिच्या छतावरची पूर्वेकडील खोली, जिला पेंटहाउस म्हणतात, ती छतातून आत बुडते. बाहेरचा सांगाडा अजून जागच्या जागी उभा असतो. मग पश्चिमेकडील भाग बुडतो आणि त्यानंतर चारही बाजूंची भिंत एकदम खाली येऊ लागते. म्हणजे आतला भाग आधी गेला, तोही पूर्वेकडून पश्चिमेकडे, आणि कवच मागून गेले. एका साध्या निरीक्षणाने शोधाची दिशा ठरली ती अशी.

पुढची पायरी मोजणीची. उत्तरेकडील छताच्या कडेवरचा एक बिंदू निवडून तो प्रत्येक चित्रात किती खाली आला ते टिपले गेले. आपल्या काठीचे काम येथे मजल्यांच्या ठाऊक असलेल्या उंचीने केले. खालचा भाग इतर इमारतींच्या आड असल्याने वरचे १८ मजले खाली येईपर्यंतच मोजता आले.

ऑगस्ट २००८ मध्ये निस्टने अहवालाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला. त्यात म्हटले होते, की हे १८ मजल्यांचे अंतर कापायला ५.४ सेकंद लागले. मुक्त पतनाला ३.९ सेकंद लागले असते. म्हणजे प्रत्यक्ष वेळ ४० टक्के जास्त आहे. तुम्हीही ताडून पाहा. अंतर सुमारे ७३.८ मीटर. त्यावरून सरासरी त्वरण (२ × ७३.८) ÷ (५.४ × ५.४), म्हणजे ५.१ मीटर प्रति सेकंद². अटकाव वजनाच्या जवळजवळ निम्मा.

ओळखीचे वाटते का? नोएडाच्या नऊ सेकंदांत जी अडचण होती, तीच येथे आहे.

हे दाखवून दिले ते डेव्हिड चँडलर या शाळेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका शिक्षकाने. त्याने दूरचित्रवाणीची चित्रफीत घेऊन, आपण चेंडूसाठी केले तेच केले. एकेक चित्र मोजले, वेगाचा आलेख काढला, आणि त्याला आलेखाचा मधला सुमारे अडीच सेकंदांचा भाग सरळ रेषेत दिसला. चढ होता ९.८ च्या अगदी जवळ. त्याने हा आक्षेप त्याच महिन्यात निस्टच्या जाहीर चर्चेत मांडला आणि नंतर लेखी कळवला. नोव्हेंबर २००८ मध्ये अंतिम अहवाल आला. निस्टने फेरमोजणी करून पतनाचे तीन टप्पे केले होते. पहिले १.७५ सेकंद त्वरण गुरुत्वीय त्वरणापेक्षा कमी, पुढचे २.२५ सेकंद मुक्त पतन, त्यात आठ मजल्यांइतके म्हणजे सुमारे ३२ मीटर अंतर, शेवटचे १.४ सेकंद पुन्हा कमी त्वरण.

एका शिक्षकाच्या मोजणीने एवढ्या मोठ्या संस्थेला आपला अहवाल सुधारावा लागला, आणि संस्थेने तो सुधारला. मला या प्रकरणात दोघांविषयीही आदर वाटतो. दोघांचे आरंभबिंदू मात्र जुळत नव्हते. छताच्या मध्याजवळच्या एका ठिपक्याची प्रखरता बदलू लागली, तेथून निस्टने घड्याळ चालू केले. चँडलरने पतन उघड दिसू लागले तेथून. त्यामुळे पहिल्या टप्प्याविषयी मतभेद राहिले. मधल्या रेषेच्या चढाविषयी राहिले नाहीत. का, ते आपल्या चेंडूने आधीच सांगितले आहे.

पहिल्या टप्प्याअखेरचा वेगही तुम्हाला काढता येईल. ३२ मीटर = आरंभवेग × २.२५ + ½ × ९.८ × २.२५². उजवीकडचे दुसरे पद २४.८ मीटर येते. उरलेले ७.२ मीटर भागिले २.२५, म्हणजे आरंभवेग ३.२ मीटर प्रति सेकंद. मुक्त पतनाच्या अखेरीस वेग झाला २५.३ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ९१ किलोमीटर.

अटकाव शून्य : कसा?

आता अवघड भाग आला. २.२५ सेकंद अटकाव शून्य होता, हे मोजणीने सिद्ध झाले. पण अटकाव शून्य का झाला? चँडलर व त्याच्या मताचे लोक म्हणाले, की खांब स्फोटकांनी उडवले असले पाहिजेत. आजही काही जण असे म्हणतात. मोजणी मान्य केली म्हणजे हेही मान्य करावे लागते काय?

सूत्र पुन्हा वाचा. त्यात वस्तुमान आहे, त्वरण आहे, अटकाव आहे. स्फोटक कोठेही नाही, आगही नाही. चित्रफितीतून त्वरण मिळते, त्वरणातून बल मिळते, आणि तिची साक्ष तेथे संपते. खांब सुरुंगाने उडाला, वाकून निकामी झाला किंवा कोणी करवतीने कापला, तरी अटकाव शून्यच येणार. कारण ठरवायला दुसरा पुरावा आणावा लागतो.

निस्टने लावलेली संगती अशी आहे. मजल्यांच्या लांब पोलादी तुळया आगीने तापल्या. तापलेले पोलाद मऊ पडते हे आपण ऐकलेले असते. पण येथे त्याआधीच, ४०० अंश सेल्सिअसच्या आतबाहेर, वेगळीच गोष्ट घडली. तुळया लांबल्या. पोलादाचा प्रसरणांक दर अंशाला ०.००००१२. पंधरा मीटरची तुळई ४०० अंशांनी तापली, तर ती १५ × ०.००००१२ × ४०० = ०.०७२ मीटर, म्हणजे सात सेंटिमीटरहून थोडी जास्त वाढते. रेल्वेच्या जुन्या रुळांच्या जोडांत फट का ठेवत, हे तुम्ही नववी-दहावीत शिकला आहात. येथे फट नव्हती. लांबलेल्या तुळयांनी ७९ क्रमांकाच्या खांबावर टेकलेल्या मोठ्या गर्डरला आडवे ढकलले आणि तो आपल्या बैठकीवरून निसटला. तेरावा मजला खाली आला, त्याच्या भाराने खालचे मजले पाचव्यापर्यंत एकामागून एक ढासळले, आणि ७९ क्रमांकाचा खांब नऊ मजल्यांच्या उंचीत बाजूच्या आधाराविना उरला.

खांबाला मजल्यांचा आधार कशाला लागतो, असे कोणी विचारील. प्लॅस्टिकची फूटपट्टी टेबलावर उभी धरून वरून बोटाने दाबा. ती चटकन बाक घेते. आता मधोमध दोन बोटांनी हलकेच धरा आणि पुन्हा दाबा. कितीतरी जास्त जोर लागतो. बाक यायला लागणारे बल आधारांमधील लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते, असे ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात दाखवले. लांबी नऊपट झाली, तर बल एक्याऐंशी पटींनी कमी. इमारतीचे जाड खांब या नियमात फूटपट्टीइतके चोख बसत नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातली घट याहून कमी असते. पण दिशा तीच. ७९ वा खांब वाकला. छतावरचे पूर्वेकडील पेंटहाउस बुडाले ते याच वेळी. मग शेजारचे खांब ओळीने गेले, आतला भाग पोकळ झाला आणि सगळा भार बाहेरच्या खांबांवर येऊन तेही साधारण सातव्या ते चौदाव्या मजल्यांदरम्यान वाकले. एकदा पुरता वाकलेला खांब फार थोडे वजन तोलतो. मुडपलेली फूटपट्टी दाबून पाहा. आठ मजल्यांच्या उंचीत असे झाले, म्हणून आठ मजल्यांइतके मुक्त पतन. वाकायला आरंभ होत असताना खांबांत थोडी ताकद होती, म्हणून आधीचा मंद टप्पा. पुढे वरचा भाग खालच्या ढिगाऱ्यावर येऊ लागला, म्हणून शेवटचा मंद टप्पा.

येथे आपल्याकडची एक घटना आठवते. पुण्याच्या चांदणी चौकातील जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्री एकच्या सुमारास पाडायचा होता. काम नोएडाच्याच मुंबईकर कंपनीकडे. सुमारे ६०० किलो स्फोटके उडाली, धुरळा उठला, आणि धुरळा बसल्यावर पाहतात तो पुलाचा बराच भाग जागच्या जागी! काँक्रीट फुटले, पण आतल्या सळयांनी धरून ठेवले. राहिलेले काम यंत्रांनी पुरे केले. स्फोट झाला की मुक्त पतन होतेच असे नाही, आणि मुक्त पतन झाले म्हणजे स्फोट झालाच असेही नाही.

तरीही स्फोटकांची शंका नुसती झटकून टाकणे बरोबर नव्हे. ती तपासली पाहिजे. चित्रफितीला ध्वनीही असतो. एक महत्त्वाचा खांब तोडायला लागणाऱ्या लहानात लहान सुरुंगाचा आवाज, मधे काही आड नसेल तर, जवळजवळ ८०० मीटरवरही १३० ते १४० डेसिबल भरला असता, असे निस्टने काढले. एवढा आवाज परिसरातल्या कोणत्याही चित्रफितीत नाही आणि साक्षीदारांनीही सांगितलेला नाही. नोएडाची चित्रफीत लावून ऐका. इमारत हलण्याआधीची ती धडधड कानात भरते. न्यूयॉर्कच्या फितीत ती नाही. माझ्या मते या वादात सूत्रापेक्षा हा पुरावा अधिक वजनदार आहे, आणि शाळेतल्या मुलालाही तो तपासता येतो.

आगीने अशी इमारत पडू शकते हेही पुढे पुन्हा दिसले. तेहरानमधील प्लास्को इमारत १९ जानेवारी २०१७ रोजी, आणि ब्राझीलच्या साओ पाउलोतील एक चोवीस मजली इमारत १ मे २०१८ रोजी, दोन्ही आगीनंतर कॅमेऱ्यांसमोर कोसळल्या. उलट मुंबईचे मंत्रालय २१ जून २०१२ रोजी वरच्या मजल्यांवर भीषण जळूनही उभे राहिले. प्रत्येक आगीचा आणि प्रत्येक सांगाड्याचा हिशेब वेगळा असतो.

वर्गात करताना

शिक्षकांसाठी काही सूचना. मोबाइलवर आलेली चित्रफीत मोजण्याआधी तिची परीक्षा घ्यावी. पुष्कळ फितींचा वेग कोणीतरी बदललेला असतो, काहींत एकच चित्र दोनदा आलेले असते, काहींत मधली चित्रे गळालेली असतात. शक्य असेल तर त्याच फितीत एखादी ठाऊक गतीची गोष्ट शोधून घड्याळ ताडून घ्यावे. इमारतीच्या पायथ्याशी उभे राहून, वर मान करून घेतलेली फीत मोजणीला निरुपयोगी. तीत वरचे मजले दबलेले दिसतात. दुरून, समोरून आणि कॅमेरा न हलवता घेतलेलीच निवडावी. संगणक असल्यास ट्रॅकर नावाची विनामूल्य प्रणाली हे काम सोपे करते, पण पहिल्या खेपेस मुलांना पडद्यावर पारदर्शक कागद चिकटवून पेन्सिलीनेच ठिपके काढू द्यावेत. चेंडू गच्चीवरून टाकायचा झाल्यास खाली कोणी उभे राहणार नाही हे स्वतः पाहावे. वाळूचा चेंडू डोक्यात बसला, तर न्यूटनचा तिसरा नियमही त्याच तासाला शिकवावा लागेल!

ज्यांना स्वतः गणित करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी एक प्रश्न. सातव्या इमारतीच्या तिसऱ्या टप्प्यात छत १.४ सेकंदांत आणखी सुमारे ३९.६ मीटर खाली आले, आणि टप्प्याच्या आरंभी वेग वर काढलेला २५.३ मीटर प्रति सेकंद होता. या टप्प्यात त्वरण एकसारखे होते असे धरून ते काढा, आणि त्यावरून अटकाव वजनाच्या किती पट होता ते सांगा. त्वरणाचे उत्तर ४ आणि ५ यांच्या दरम्यान यायला हवे. ते तसे आले नाही, तर आधी सेकंदांचा वर्ग केला आहे ना ते पाहा.